पहिल्या टाइम ट्रायलमध्ये उतरावे, की आणखी वर्षभर थांबावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिकेचे वय ४३ आहे. गेली तीन वर्षे त्या सुट्टीच्या दिवशी एका गटाबरोबर सायकल चालवतात. त्यांची पहिली टाइम ट्रायल शर्यत, म्हणजे स्पर्धकांना एकेक करून सोडून प्रत्येकाची वेळ मोजणारी शर्यत, तीन आठवड्यांवर आली आहे. अंतर २० किलोमीटर असून १० किलोमीटरवरून वळून त्याच रस्त्याने परत यायचे आहे. गटात त्या ताशी २८ ते ३० किलोमीटरचा वेग सहज राखतात. पण हेच अंतर एकटीने कापून पाहिले तेव्हा सरासरी जेमतेम २४ पडली आणि शेवटी पाय उचलेनासे झाले. गटातील एका जाणत्या सदस्याने १९८९ च्या टूर द फ्रान्सचा दाखला देऊन सांगितले, की एरो बारशिवाय (पुढे झुकून, कोपरे टेकवून धरायच्या हँडलशिवाय) टाइम ट्रायलला अर्थ नाही, तेव्हा वर्षभर थांबून योग्य सायकल घ्यावी. एक मैत्रीण आपली टाइम ट्रायलची सायकल उसनी द्यायला तयार आहे. आपण शेवटच्या येऊ, मागून सुटलेला प्रत्येक जण आपल्याला ओलांडून जाईल आणि निकालाची यादी सर्वांना दिसेल, या विचाराने त्यांची झोप उडाली आहे. नाव मागे घ्यावे, उसन्या सायकलवर जावे की स्वतःच्या रोड बाइकवर उतरावे, असे त्या विचारतात.

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात प्रश्न तीन आहेत, पण काळजी एकच आहे: आपण या शर्यतीच्या लायक आहोत की नाही. या काळजीला आधार म्हणून तुम्ही तीन गोष्टी मांडल्या आहेत, म्हणजे एकटीने केलेल्या सरावातील २४ ची सरासरी, सायकलीला नसलेले एरो बार आणि ओलांडले जाण्याची शक्यता. माझे मत आधीच सांगते. तुम्ही नाव मागे घेऊ नये आणि आपल्याच सायकलवर उतरावे. मात्र केवळ धीर देण्यासाठी मी हे म्हणत नाही, म्हणून या तिन्ही गोष्टी नीट तपासून पाहू.

पहिली गोष्ट सरासरीची. गटातला वेग हा तुमचा एकटीचा वेग असतो असे तुम्ही गृहीत धरले आणि तो एकटीने निघाला नाही म्हणून स्वतःला कमी लेखले. सपाट रस्त्यावर ताशी ३० च्या आसपास सायकल चालवताना आपली बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते आणि दुसऱ्याच्या मागे राहिल्यास त्या खर्चात पाव ते एक तृतीयांशापर्यंत बचत होऊ शकते. टाइम ट्रायलमध्ये ही बचत नियमानेच नाकारलेली असते. त्यामुळे गटातील ३० आणि एकटीचे ३० यांची तुलना करताच येत नाही. एकटीने चालवताना दोन-चार किलोमीटरनी कमी वेग पडणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही.

पण तुमच्या सरावात याहून महत्त्वाचे काहीतरी घडले आणि ते तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे: “सुरुवातीला ३४-३५ चा वेग दिसत होता, म्हणून खूप उत्साह वाटला.” या एका वाक्यात त्या दिवशीच्या अपयशाचे कारण आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ३० ऐवजी ३५ ने जायचे, तर वेग फक्त सहाव्या हिश्श्याने वाढतो, पण हवेपुरती लागणारी शक्ती जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढते. शरीर हा खर्च काही मिनिटे बिनतक्रार पेलते, कारण सुरुवातीला स्नायू ताजे असतात आणि मनाची उत्तेजना थकवा जाणवू देत नाही. नंतर मात्र त्याची वसुली होतेच.

आता साधे गणित करू. पहिले १० किलोमीटर ३५ ने आणि पुढचे १० किलोमीटर २५ ने कापले, तर सुमारे १७ मिनिटे ९ सेकंद अधिक २४ मिनिटे, म्हणजे एकूण ४१ मिनिटे ९ सेकंद लागतात. सबंध अंतर ३० ने कापले तर बरोबर ४० मिनिटे लागतात. वेगवान भागात मिळवलेली मिनिटे संथ भागात गमावलेल्या मिनिटांची भरपाई करू शकत नाहीत, कारण संथ भागात आपण जास्त वेळ असतो. शिवाय पहिल्या पद्धतीत त्रास कितीतरी अधिक होतो. म्हणजे २४ ही सरासरी तुमच्या ताकदीबद्दल फार थोडे सांगते आणि ताकदीच्या वाटपाबद्दल पुष्कळ. हे वाटप शिकता येते, तीन आठवड्यांत बऱ्याच अंशी शिकता येते. वर्षभर थांबून गटाबरोबरच फिरत राहिलात, तर मात्र ते जिथल्या तिथे राहील.

आता १९८९ च्या दाखल्याकडे वळू. तुमच्या गटातील सदस्यांनी सांगितलेली घटना खरी आहे. त्या वर्षीच्या टूरचा शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरचा टाइम ट्रायल होता. फ्रान्सचे लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होते. अमेरिकेचे ग्रेग लेमाँड यांनी तो टप्पा त्यांच्यापेक्षा ५८ सेकंदांनी लवकर पूर्ण केला आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. लेमाँड यांच्या सायकलीला एरो बार होते, फिन्यों यांच्या नव्हते, आणि त्या फरकाचा वाटा मोठा होता हे मलाही मान्य आहे. पण दाखला देताना दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे लेमाँड त्या बारवर पहिल्यांदा बसले नव्हते. त्याच टूरच्या पाचव्या टप्प्यातील लांबलचक टाइम ट्रायल त्यांनी तेच बार वापरून जिंकली होती. दुसरी गोष्ट तुमच्या अधिक कामाची आहे: शेवटच्या टप्प्यात आपल्याला मधल्या वेळा सांगू नका, असे त्यांनी आपल्या संघाला बजावले होते. जगातील सर्वांत मोठी शर्यत सेकंदांवर लटकत असताना त्यांनी आकड्यांकडे पाठ फिरवली आणि लक्ष फक्त स्वतःच्या प्रयत्नावर ठेवले. हे करायला कोणतेही उपकरण विकत घ्यावे लागत नाही.

साधनांचा विचार तुम्ही करूच नये असे मी म्हणणार नाही, कारण या प्रकारात साधनांनी खरोखर फरक पडतो. परंतु हवेच्या अडथळ्याचा सर्वांत मोठा भाग, साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक, सायकलीचा नसतो, सायकलस्वाराच्या शरीराचा असतो. म्हणून तुमच्या रोड बाइकवर हँडलच्या खालच्या वळणाला, म्हणजे ड्रॉप्सना धरून, कोपर थोडे वाकवून, खांदे आत घेऊन आणि डोके खांद्यांच्या मध्ये ठेवून चालवायला शिकलात, तर कोणत्याही महागड्या चाकापेक्षा जास्त वेळ वाचेल. ड्रॉप्सवर पाठ दुखत असेल तर ब्रेकच्या हूड्सवर, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांवरील रबरी पकडीवर, हात ठेवून हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर करा. हीदेखील चांगली स्थिती आहे. अंगाला घट्ट बसणारा, न फडफडणारा पोशाख घाला आणि शर्यतीचा क्रमांक चारही कोपऱ्यांनी नीट टाचून घ्या. पहिल्या शर्यतीसाठी साधनांचा एवढाच विचार पुरे आहे.

मैत्रिणीच्या सायकलीबद्दल मात्र मला स्पष्टच सांगायला हवे. तिची भावना चांगली आहे, तरी ही सायकल घेऊ नका. टाइम ट्रायलच्या सायकलीवर बसण्याची स्थिती एकेका शरीराला जुळवून घ्यावी लागते. दुसऱ्याच्या मापाने लावलेल्या सायकलीवर कंबर, मान आणि गुडघा यांच्यावर नको तो ताण येतो आणि त्या अवघड स्थितीत तुमचे स्नायू नेहमीइतकी शक्ती देऊ शकत नाहीत. ही झाली वेगाची बाब. सुरक्षेची बाब अधिक गंभीर आहे. एरो बारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात, सायकल वळवणे जड जाते आणि बाजूने वारा आला की पुढचे चाक ढकलले जाते. वाहतूक सुरू असलेल्या रस्त्यावर हे सारे प्रथमच अनुभवणे धोक्याचे आहे. आपल्याच सायकलीला लावायचे सुटे क्लिप-ऑन बार हा मधला मार्ग आहे, पण तोही किमान काही आठवड्यांच्या सरावानंतर आणि आयोजकांच्या नियमात बसत असेल तरच. अनेक ठिकाणी साध्या रोड बाइकसाठी वेगळा गट ठेवलेला असतो. आपल्या शर्यतीत तसा गट आहे का, हे प्रवेशपत्रिकेत पाहून घ्या. बार लावल्यास त्या गटातून बाहेर पडावे लागू शकते.

तिसरी गोष्ट ओलांडले जाण्याची. ही भीती तुम्ही पत्रात सर्वांत शेवटी लिहिली आहे, पण मला वाटते तिचा भार सर्वांत जास्त आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. टाइम ट्रायलमध्ये साधारणपणे दर मिनिटाला एक स्पर्धक सोडतात. तुमचा वेग ताशी २८ असेल, तर एका मिनिटात तुम्ही सुमारे ४६७ मीटर पुढे जाता. तुमच्या मागून ताशी ३४ ने कुणी निघाले, तर ते अंतर भरून काढायला त्या व्यक्तीला पाच मिनिटेही लागत नाहीत. म्हणजे तुम्ही सुटल्यावर सहाव्या मिनिटाच्या आत कुणीतरी तुम्हाला ओलांडून जाण्याची दाट शक्यता आहे आणि ते तुम्ही आजच स्वीकारलेले बरे. तसे घडले तर तुमचे काही चुकले असा त्याचा अर्थ होत नाही. सुटण्याचा क्रम आणि दोघांच्या वेगातील फरक यांची ती बेरीज-वजाबाकी आहे.

याच संदर्भात १९६७ सालची एक घटना मला फार मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये १२ तासांच्या टाइम ट्रायलमध्ये (१२ तासांत कोण किती अंतर कापतो, हे पाहणाऱ्या शर्यतीत) सायकलपटू बेरिल बर्टन पुरुष स्पर्धकांनंतर सुटल्या होत्या. तासामागून तास त्या एकेकाला गाठत गेल्या आणि अखेरीस सर्वांत पुढे असलेल्या माइक मॅकनमारा यांच्यापाशी पोहोचल्या. ओलांडताना त्यांनी मॅकनमारा यांना लिकरिसची (ज्येष्ठमधाची) गोळी दिली आणि त्यांनी ती आभार मानून घेतली. बर्टन यांनी त्या दिवशी २७७.२५ मैल अंतर कापले. ही गोष्ट बर्टन यांच्या थोरवीसाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तुमच्यासाठी मी मॅकनमारा यांच्याकडे बोट दाखवते. ओलांडले गेल्यावरही ते आपल्या लयीत चालवत राहिले आणि २७६.५२ मैलांचा पुरुषांचा नवा विक्रम त्यांनी त्याच दिवशी केला. कुणी पुढे गेले म्हणून त्यांच्या स्वतःच्या कामगिरीतला एक मैलही कमी झाला नाही.

तेव्हा कुणी ओलांडले तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवा. आपली रेषा सोडू नका, सरळ आणि कडेने चालवत राहा, मागे वळून पाहू नका. ती व्यक्ती पुढे गेली की तिच्या चाकामागे राहू नका. अंतर पडू द्या, कारण मागे चिकटून राहणे हा नियमभंग आहे आणि त्यासाठी वेळेचा दंड किंवा बाद होण्याची वेळ येऊ शकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिचा वेग पकडायचा मोह टाळा. नवख्या स्पर्धकाची शर्यत बहुधा याच क्षणी बिघडते.

लोक पाहतील या भीतीबद्दलही एक सांगावेसे वाटते. हा प्रकार जन्मला तोच लोकांच्या नजरेपासून दूर. १८९५ च्या ऑक्टोबरमध्ये एफ. टी. बिडलेक यांनी इंग्लंडमध्ये स्पर्धकांना एकेक करून सोडण्याची पद्धत वापरून ५० मैलांची शर्यत घेतली. हमरस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींना तेव्हा विरोध होत होता आणि पोलिसांचा ससेमिरा टाळायचा होता. पुढे कित्येक दशके या शर्यती भल्या पहाटे, काळे कपडे घालून, कुणाच्या नजरेत न भरता होत राहिल्या. आजही बहुतेक हौशी टाइम ट्रायलमध्ये वाटेवर असतात ते वळणावरचे स्वयंसेवक आणि वेळ नोंदवणारे. निकालाची यादी मात्र लागते, हे खरे. तिच्यात शेवटचे नाव तुमचे असूही शकते, तसे होणार नाही असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण ती यादी वाचणारा प्रत्येक जण त्यात प्रथम स्वतःचीच वेळ शोधतो, आणि ज्या कुणी पहिल्यांदा ही शर्यत दिली आहे त्याला शेवटच्या नावामागचे कष्ट ठाऊक असतात.

नाव मागे घेणे केव्हा योग्य ठरेल, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. ताप किंवा छातीचा संसर्ग नुकताच होऊन गेला असेल, श्रमाच्या वेळी छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा; शर्यत पुन्हा येईल. दमलेल्या अवस्थेत सायकल सरळ रेषेत ठेवता येत नसेल, मागून वाहने जाताना तोल जात असेल, तरीही थांबावे. या शर्यतीत स्वयंसेवक म्हणून उभे राहून पुढच्या वेळी उतरणे हाही अशा वाचकांसाठी चांगला पर्याय आहे. सुटणे, वळणे आणि शेवट यांचा क्रम जवळून पाहायला मिळतो. तुमच्या पत्रात यांपैकी काहीच दिसत नाही.

आता या तीन आठवड्यांबद्दल. आठवड्यातून दोनच दिवस जोराचा सराव करा, बाकीचे दिवस हलके ठेवा. पहिल्या आठवड्यात शर्यतीच्या तीव्रतेने आठ मिनिटे, मग चार मिनिटे सावकाश, असे तीन वेळा. दुसऱ्या आठवड्यात हेच बारा मिनिटांचे दोन भाग करा आणि शर्यतीच्या सुमारे दहा दिवस आधी १० किलोमीटरची रंगीत तालीम घ्या, त्याच पोशाखात, त्याच स्थितीत. तालमीचा हेतू वेळ काढणे हा नाही. दुसरे ५ किलोमीटर पहिल्या ५ किलोमीटरइतक्याच किंवा किंचित अधिक जोराने कापता येतात का, हे पाहणे हा आहे. रस्त्यावर चढ किंवा वारा असेल तर वेगाऐवजी आपल्या प्रयत्नाची तुलना करा. शेवटच्या आठवड्यात एकूण अंतर जवळजवळ निम्मे करा, पण अधूनमधून एखाद-दोन मिनिटांचा जोर ठेवा, म्हणजे पाय जड होत नाहीत. शेवटच्या आठवड्यात जादा सराव करून ताकद वाढत नाही, फक्त थकवा साठतो.

शर्यतीची तीव्रता म्हणजे नेमके काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तुमच्याकडे पॉवर मीटर, म्हणजे पेडलवर लावलेली शक्ती मोजणारे उपकरण, नाही आणि त्याची आज गरजही नाही. शून्य ते दहा अशी कष्टाची मोजपट्टी मनात धरा. पहिली चार-पाच मिनिटे सात. या वेळी ‘हे फारच सोपे चालले आहे’ असे वाटायला हवे. तसे वाटले नाही तर तुम्ही जास्त जोराने निघाला आहात. मग वळणापर्यंत आठ, जिथे तुटक दोन-तीन शब्दच बोलता येतील. परतीच्या पूर्वार्धात आठाच्या थोडे वर, आणि शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये जे उरले असेल ते सारे. हृदयगतीचा आकडा पहिल्या दोन-तीन मिनिटांत पाहू नका. तो प्रयत्नाच्या मागून वाढतो आणि सुरुवातीला फसवतो.

रस्ता जाऊन-येऊन असल्यामुळे बहुधा एका दिशेने वारा समोरून येईल आणि दुसऱ्या दिशेने पाठीवर. समोरचा वारा आणि चढ यांत थोडा अधिक जोर लावा, पाठीवरचा वारा आणि उतार यांत थोडा कमी. ज्या भागात आपण जास्त वेळ असतो तिथे लावलेली शक्ती जास्त सेकंद वाचवते. पण हा ‘थोडा’ खरोखर थोडाच असू द्या. समोरच्या वाऱ्यात वेगाचा आकडा पडलेला पाहून घाबरणे आणि आकड्यासाठी झगडणे ही तुमच्या त्या दिवशीच्या सरावाचीच पुनरावृत्ती ठरेल. शक्य असल्यास सायकल कॉम्प्युटरवर वेगाचा पडदा बंद करून फक्त अंतर आणि गेलेला वेळ ठेवा.

शर्यतीच्या दिवशी अडीच-तीन तास आधी सवयीचे, पचायला हलके खा. ४०-४५ मिनिटांच्या श्रमासाठी वाटेत खाण्याची गरज नसते. आपले घड्याळ आयोजकांच्या घड्याळाशी जुळवून घ्या, कारण सुटण्याच्या वेळेला तुम्ही पोहोचला नाहीत तरी तुमची वेळ सुरू होते. वीस मिनिटे अंग तापवा, त्यात शर्यतीच्या तीव्रतेचे दोन-तीन छोटे तुकडे असू द्या, आणि सुटण्याच्या पाच-सात मिनिटे आधी रांगेपाशी या. सुरुवातीच्या रेषेवर एक जण मागून सायकल धरून ठेवतो, म्हणजे दोन्ही पाय पेडलवर ठेवून निघता येते. याची सवय नसेल तर एक पाय जमिनीवर ठेवून सुटलात तरी कुणी आक्षेप घेत नाही, आणि पहिल्या शर्यतीत मी तेच सुचवीन. गिअर मध्यम ठेवा. वळणाच्या आधी वेग कमी करा, गिअर हलका करा, समोरून येणाऱ्या वाहनांकडे पाहा आणि मगच वळा; तिथे दोन सेकंद गेले तर जाऊ द्या. आणि कितीही दमलात तरी नजर रस्त्यावरून काढू नका. मान खाली घालून चालवणारा स्पर्धक उभ्या वाहनावर जाऊन आदळतो, हा या प्रकारातील सर्वांत गंभीर आणि सर्वांत टाळता येण्याजोगा धोका आहे.

अंतिम रेषा ओलांडल्यावर दहा मिनिटे सावकाश सायकल चालवा. मग निकाल पाहण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: पाचव्या मिनिटाला कसे वाटत होते, वळणावर किती ताकद उरली होती, कुणी ओलांडले तेव्हा तुम्ही लय सोडली का, आणि शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये वेग वाढवता आला का. तुमची वेळ त्या नोंदीखाली लिहा. क्लिप-ऑन बार घ्यायचे की नाही, हे त्याच रस्त्यावरची दुसरी टाइम ट्रायल आपल्याच सायकलवर देऊन झाल्यावर ठरवा. म्हणजे पुढे बार घेतलेच, तर बारमुळे किती सेकंद वाचले आणि तुमच्या वाटपामुळे किती, हे तुम्हाला वेगळे ओळखता येईल.